काढताना न लागलेली नळी

मुलगी घरी आली, पण तिच्या आधी तिच्या गाडीचा आवाज आला. ऑक्टोबरात आमच्या वेस्ट विंडसरच्या रस्त्यावर संध्याकाळी पानं उडवणाऱ्या यंत्रांची घरघर चालूच असते. मला वाटलं त्यातलंच एखादं असेल. पण ही घरघर वळणावरून जवळ येत गेली, आमच्या ड्राइव्हवेत शिरली आणि गाडी थांबली तशी थांबली.

"उजवं पुढचं व्हील बेअरिंग गेलंय," मी म्हणालो. ती अजून गाडीतून उतरलीही नव्हती.

"हाय बाबा. आय नो," ती म्हणाली.

ती जनावरांची डॉक्टर आहे. मोठ्या जनावरांची, म्हणजे मुख्यतः गाईंची. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाचं गाव आहे, त्याच्या आसपासच्या गोठ्यांतून दिवसभर फिरते. गाडी हाच तिचा दवाखाना. मागच्या बाजूला रबरी बूट, दोर, साखळ्या, औषधांची खोकी, आणि कशानेही न जाणारा एक वास. सोमवारी पहाटेपासून तिची ड्यूटी होती, त्यामुळे रविवारी संध्याकाळच्या आत तिला निघायला हवं होतं. गाडी गॅरेजला न्यायला वेळच मिळाला नाही म्हणाली. मी म्हणालो, "मी बदलून देतो."

का म्हणालो ते सांगतो. तिला माझ्याकडून न्यायला काही नसतं. आई डबे भरून देते, लोणच्याच्या बरण्या देते, मावश्यांच्या बातम्या देते. मी म्हणजे फोनवर दोन वाक्यं बोलून "आईला देतो हं" म्हणणारा माणूस. शिवाय एक जुनी गोष्ट होती. तिने जनावरांचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या मंडळाच्या गणपतीत जेवताना कोणीतरी हसून विचारलं होतं की माणसांची डॉक्टर का नाही, मार्क कमी पडले का? मीही हसलो आणि ताटाकडे पाहिलं. ती माझ्या शेजारीच उभी होती. त्यावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही. बेअरिंग बदलून ते भरून येणार नव्हतं, एवढं मला कळतं. तरी एक चाक तरी नीट करून द्यावं असं वाटलं.

मी शिकलो मेकॅनिकल. बेअरिंग किती टिकेल याची गणितं कॉलेजात न अडखळता सोडवायचो. मग इथे आलो आणि सगळी वर्षं विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. अलीकडे मात्र सुट्टीच्या दिवशी गाडीखाली शिरायला लागलो होतो. तेल बदल, ब्रेक बदल, एकदा अल्टरनेटर. पाने-पकडी अशी हत्यारं जमत गेली, बायकोची कुरकुर कमी होत गेली. फक्त प्रेस नव्हता. या गाडीचं बेअरिंग नुसते बोल्ट खोलून निघत नाही. चाकाच्या मागे एक जाड लोखंडी भाग असतो, त्याला नकल म्हणतात. त्यात ते घट्ट दाबून बसवलेलं असतं. ते बाहेर ढकलायला आणि नवं आत दाबायला हायड्रॉलिक प्रेस लागतो.

प्रेस काकांकडे होता. काका नात्याने आमचे कोणी नाहीत. मी या देशात आलो तेव्हा त्यांच्या तळघरात राहिलो, त्यांनीच मला गाडी चालवायला शिकवलं, आणि मुलगी झाली तेव्हा काकूंनी माझ्या बायकोचं बाळंतपण केलं. तेव्हापासून ते आमचे काका. सिव्हिल इंजिनिअर, नोकरीभर पूल बांधले. निवृत्त झाल्यावर हौसेने प्रेस घेतला. काकूंचं म्हणणं, त्या यंत्राचा आजवर झालेला एकच उपयोग म्हणजे एकदा पनीर चांगलं दाबलं गेलं.

मी फोन केला तर काका खूश झाले. "घेऊन ये," म्हणाले. "पुलांनासुद्धा बेअरिंग असतात म्हटलं. तुमच्या मेकॅनिकलच्या पुस्तकात नसेल."

शनिवारी सकाळी मी आणि मुलगी कामाला लागलो. चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो तो चाक जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो, आणि कोणीतरी ब्रेक दाबून बसावं लागतं. बायकोला बसवलं. ती ब्रेकवर पाय ठेवून नागपूरच्या बहिणीशी फोनवर बोलत राहिली आणि आम्ही पान्याला लांब पाइप लावून दोघं त्यावर लोंबकळलो. नट सुटला तेव्हा असा आवाज झाला की बायको फोनवर म्हणाली, "काही नाही गं, यांचं चाललंय."

पेनसिल्व्हेनियात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने सगळं गंजून एकजीव झालं होतं. ब्रेकचा भाग काढून तारेने वर टांगून ठेवला, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या नळीवर ताण येत नाही. ब्रेकची तबकडी निघाली. नकल मात्र निघेना. मी हातोडी घेऊन ठोकत सुटलो. मुलगी थोडा वेळ बघत राहिली, मग तिने हातोडी माझ्याकडून घेतली. तेल सोडलं, एक ठोका दिला आणि थांबली. परत एक ठोका, परत थांबली. वासरू अडलेलं असतं तेव्हा असंच करतात म्हणाली. गाय जोर करते तेव्हा ओढायचं, ती थांबली की आपणही थांबायचं. सारखं ओढत राहणारा माणूस दोघांनाही मारतो. तिचं हे काम मी कधी पाहिलेलं नाही. त्या सकाळी ड्राइव्हवेत, तेलाने काळ्या झालेल्या तिच्या हातांकडे बघताना, थोडंसं पाहिल्यासारखं वाटलं. नकल आपण होऊन सुटल्यासारखा तिच्या हातात आला.

नकल फडक्यात गुंडाळून आम्ही काकांच्या गॅरेजमध्ये गेलो. काका कानटोपी घालून तयार होते. खुर्च्या मांडलेल्या, थर्मासमध्ये चहा. जुनं बेअरिंग छान निघालं. चाक ज्यावर बसतं तो हब ढकलला, तो खाली पडला. आतली अडकवलेली स्प्रिंगची कडी काढली, बेअरिंग ढकललं, तेही पडलं. प्रत्येक वेळी काका "गेला!" म्हणायचे, पतंग कापल्यासारखं. नवं बेअरिंग बसवलं, तेही सरळ गेलं. राहिलं होतं फक्त त्यात हब दाबायचं काम.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. बेअरिंग म्हणजे एकात एक बसलेल्या दोन कड्या आणि मधे छर्रे. हब जातो आतल्या कडीत. तो दाबताना आतल्या कडीला खालून आधार द्यावा लागतो, बरोबर मापाच्या नळीचा. आधार नसेल तर प्रेसचा सगळा जोर छर्ऱ्यांमधून बाहेरच्या कडीवर जातो, आणि छर्रे कडीवर खळगे पाडतात. बाहेरून काही दिसत नाही. गाडी शांत चालते, काही आठवडे, कदाचित काही महिने. मग घरघर सुरू होते, मग चाक हलायला लागतं.

हे मला माहीत होतं. मी नळी शोधून आणली होती आणि खाली ठेवलीही होती. पण नळीवर नकल डुगडुगत होता. काका वाकले, नळी काढली आणि बाजूला ठेवली.

"काढताना लागली नाही, घालताना कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "उगाच अडचण. हं, दाब."

माझा हात दांड्यावर होता. मुलगी शेजारी उभी होती, काकू दारात. ज्यांनी मला ब्रेक कुठला आणि अॅक्सिलरेटर कुठला हे दाखवलं, त्यांना त्यांच्याच गॅरेजमध्ये, काकू आणि माझी मुलगी बघत असताना, "काका, चुकतंय" असं कसं म्हणायचं? एवढा विचारही मी तेव्हा केला नाही. विचार करायची वेळच येत नाही. तोंड आपोआप बंद होतं. मी दांडा दाबला. मधे एकदा बारीकशी 'कट्' झाली. काका म्हणाले, "बसला!" आणि मुलीने टाळी वाजवली.

दुपारी गाडी जोडून आम्ही चक्कर मारली. गाडी इतकी शांत होती की मुलगी दोनदा म्हणाली, इट्स सो क्वाएट. घरी येऊन तिने आईला सांगितलं, बाबांनी केलं. रात्री जेवायला वालाचं बिरडं होतं, काका-काकू आले होते, काकांनी नकलची कथा पूल बांधल्याच्या थाटात सांगितली. सगळे खूप हसले. मीही. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळींपैकी ती एक होती, आणि ती पूर्णपणे माझ्या गप्प बसण्यावर उभी होती.

रविवारी सकाळी मुलगी गाडीत सामान भरत होती. मी चहाचा कप घेऊन तिच्या आसपास घुटमळत होतो. तिने दोर गुंडाळले, बूट ठेवले, आईने दिलेले डबे बुटांपासून लांब ठेवले. सोमवारी पहाटे ती कुठल्या तरी डोंगराळ रस्त्याने, अंधारात, त्या चाकावर जाणार होती. आणि ते चाक बाबांनी केलंय म्हणून तिला त्याची काळजी वाटणार नव्हती.

"ते बेअरिंग बहुतेक बिघडलंय," मी म्हणालो. "मी बिघडवलंय."

ती वळली. "व्हॉट डू यू मीन, बहुतेक?"

मी सांगितलं. नळीचं, छर्ऱ्यांचं, त्या बारीकशा आवाजाचं. ती गोठ्यात शेतकऱ्याचं ऐकत असेल तशी ऐकत होती, मधे न बोलता, मग एकामागून एक प्रश्न. आज चाक निखळेल का? नाही. कधी कळेल? सांगता येत नाही. तुम्हाला कधी कळलं? या प्रश्नावर मी कपाकडे पाहिलं.

"दाबतानाच," मी म्हणालो.

"मग काल का नाही बोललात?"

"काकांसमोर कसं बोलणार?"

हे वाक्य मी जन्मभर मनात म्हणत आलोय. मोठ्याने म्हटल्यावर ते कसं वाटतं ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती म्हणाली, "मी रोज लोकांना त्यांच्याच गोठ्यात सांगते, बाबा, की तुमचं चुकतंय. माझ्या दुप्पट वयाच्या." त्यात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. मग ती डबे गाडीतून परत काढायला लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बट यू टोल्ड मी. दॅट्स न्यू."

गाडीचे पार्ट मिळतात ते दुकान रविवारीही उघडं असतं, तिथे तसलंच बेअरिंग होतं. काम परत करता येणार होतं. पण प्रेस काकांचा, म्हणजे काकांना काहीतरी सांगावं लागणार. बायको बाहेर आली, तिने सगळं ऐकलं आणि लगेच मार्ग काढला. "दुकानातून पीसच खराब आला म्हणून सांग की. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं?"

सोपं होतं. कोणाचं काही जाणार नव्हतं. काकांच्या घरापर्यंत चालत जाताना मी ते वाक्य पाठही केलं. पीस खराब निघाला, काका, हल्ली कुठून बनवून आणतात कोण जाणे. काकांना हे आवडलंच असतं. हल्लीच्या वस्तूंवर त्यांनी मला चहा पाजून ऐकवलं असतं.

काका मागच्या अंगणात पक्ष्यांच्या खाण्याच्या डब्यात दाणे भरत होते. मला बघून म्हणाले, "काय, गेली का पोरगी?"

मी म्हणालो, "काका, काल आपण नळी काढायला नको होती. बेअरिंग खराब झालं असणार."

काकांनी दाणे ओतणं थांबवलं नाही. डबा भरला, वरून सांडायला लागले, तरी ओतत होते. "म्हणजे मी खराब केलं."

"नाही. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

"माहीत होतं?" आता ते वळले. "मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुमच्यापुढे बोलवत नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, मी त्यांची गाडी मेलबॉक्सवर घातली होती तेव्हासुद्धा नाही. "पुलावर माझ्या हाताखालची पोरं मला थांबवायची," ते म्हणाले. "भर कामात, सगळ्यांसमोर. जो थांबवायचा नाही, त्याला मी कामावर ठेवत नव्हतो. मी एवढा म्हातारा झालो का रे, की माझी चूकसुद्धा मला दाखवायची नाही?"

मी इतकी वर्षं ज्याला मान देणं समजत होतो, ते त्यांना दूधपोहे भरवल्यासारखं वाटलं होतं. ते आत गेले. मला वाटलं, संपलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला, मग काकांचा. मी पायाखालचे सांडलेले दाणे गोळा करत बसलो. काही वेळाने मागचं दार उघडलं. काका कानटोपी घालून उभे होते.

"बेअरिंग आणलंस का, नुसताच आलायस?" ते म्हणाले. "त्या पोरीला उजेड आहे तोवर निघायचं असेल ना."

दुसऱ्यांदा सगळं पटापट सुटलं. गंज आदल्या दिवशीच हरला होता. गॅरेजमध्ये या वेळी दांड्यावर मुलगी होती. काका स्टूलवर बसून फोनवर उघडलेल्या सूचना चष्मा वर-खाली करत मोठ्याने वाचत होते, इंग्रजी वाक्य आणि खाली त्यांचं मराठी भाष्य. आदल्या दिवशीचं बेअरिंग ढकलून काढल्यावर मुलीने ते हातात घेऊन फिरवलं. नव्या बेअरिंगसारखं ते सुळकन फिरलं नाही. अडखळत फिरलं, दर वेळी ठरावीक जागी किंचित थांबत. तिने ते काकांच्या हातात दिलं. काकांनी डोळे मिटून हळूहळू फिरवलं, बराच वेळ, आणि माझ्याकडे दिलं. मीही फिरवलं. मग काका म्हणाले, "हे मी ठेवून घेतो." का ते आम्ही विचारलं नाही.

नवं बेअरिंग आत गेलं, स्प्रिंगची कडी बसवली, नळी खाली ठेवली. डुगडुगणारा नकल काकांनी दोन्ही हातांनी धरला. मुलगी दाबणार, एवढ्यात मी म्हणालो, "थांबा."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. काकू पुन्हा दारात होत्या.

"काका, तुमची बोटं. प्लेटच्या मधे आहेत."

काकांनी बोटं बघितली, आणि हात मागे घेतले. "हं," म्हणाले. एवढंच. मुलीने दांडा दाबला. या वेळी 'कट्' झाली नाही. हब असा आत गेला की कळलंही नाही.

गाडी जोडून झाल्यावर काका म्हणाले, चक्कर मारल्याशिवाय मी कोणाला सोडणार नाही. मुलगी चालवायला, मी शेजारी, काका मागे बूट आणि दोरांच्या शेजारी, वासाबद्दल एक शब्द न काढता. मोठ्या रस्त्याला लागलो. तिने वेग वाढवला. खिडक्या बंद, रेडिओ बंद. काका पुढच्या सीटच्या मधून डोकं घालून कान टवकारून बसले होते. रस्त्याच्या कडेचे मेपल लालभडक झाले होते आणि उन्हं त्यांच्या आरपार येत होती. मला त्या क्षणी काही नको होतं.

"काका? ऐकू येतंय काही?" तिने विचारलं.

"काही नाही. ऑल क्लिअर."

"बाबा?"

मी ऐकलं. बेअरिंगचा खरंच काही आवाज नव्हता. "बेअरिंग चांगलं आहे," मी म्हणालो. "पण तुझे पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत. दोन-तीन महिने निघतील, जास्त नाही. काल ब्रेक काढला तेव्हाच बघितलं."

ती रस्त्यावरची नजर न काढता हसायला लागली. हे का नाही बोललात, असं तिने विचारलं नाही. मीच सांगितलं, की आल्या आल्या तू म्हणालीस, तिकडच्या गॅरेजवाल्याने उन्हाळ्यातच ब्रेक तपासलेत, म्हणून म्हटलं कशाला.

"आणखी काय काय गिळून बसलायस," काका मागून म्हणाले, "एकदाच सांगून टाक. मला काकूने चहाला बोलावलंय."

मुलीने इंडिकेटर दिला आणि गाडी पुन्हा पार्टच्या दुकानाकडे वळवली.